७ नोव्हेंबर १९३८: गिरणगावचा संप आणि काळा कायदा

७ नोव्हेंबर १९३८ हा सोमवार होता. त्या दिवशी मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो संप केला त्यात पगारवाढीची मागणी नव्हती, कुणाला कामावर परत घ्या अशी मागणी नव्हती, कुठल्याही एका मालकाविरुद्ध तक्रार नव्हती. संप होता विधानसभेपुढच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, संपाच्या हक्कावरच बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध. आणि ते विधेयक आणणारं सरकार गोऱ्यांचं नव्हतं. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाचं, म्हणजे काँग्रेसचं, लोकांनी मतं देऊन बसवलेलं सरकार होतं.

संपाच्या हक्कावर सरकारं बंधनं घालतात आणि कामगार संघटना विरोध करतात, असे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ झाले. तरीही हे प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एक तर संपाचा हक्क म्हणजे नेमकं काय, याचा इतका खोलवर युक्तिवाद आपल्या विधिमंडळात त्याआधी झाला नव्हता, आणि त्यानंतरही तो क्वचितच झाला. शिवाय त्या कायद्याने घातलेली चौकट पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, १९८२ च्या संपात, अडीच लाख कामगारांच्या आड आली.

आधीची दहा वर्षं

१९२८ साली गिरणगाव एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. जवळपास दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. मालकांना दर साच्यामागे, म्हणजे मागामागे, माणसं कमी करायची होती, कामाचा बोजा वाढवायचा होता, विणकरांच्या दरांना कात्री लावायची होती. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, ही युनियन पाहता पाहता देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक झाली. गिरणीगणिक कामगारांच्या समित्या झाल्या, आणि जॉबरच्या, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर चालणाऱ्या खात्यांत पहिल्यांदाच जॉबरला विचारणारं कुणी आलं.

त्याचं उत्तर दोन बाजूंनी आलं. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्यासह देशभरातल्या पुढाऱ्यांना उचलून मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात गुंतवलं गेलं. त्याच सुमारास दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ट्रेड डिस्प्यूट्स बिल आलं. सार्वजनिक सेवांतल्या कामगारांवर आधी नोटीस देण्याची सक्ती झाली, आणि सरकारवर दडपण आणण्यासाठी केलेला व्यापक संप बेकायदा ठरला. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला सभागृहात बॉम्ब टाकले, तेव्हा तिथे हेच बिल आणि त्याच्या जोडीचं सार्वजनिक सुरक्षा बिल गाजत होतं. शाळेत आपण बॉम्ब शिकतो, बिल शिकत नाही. त्या काळी कामगारांवरचा हा कायदा परकीय सत्तेच्या जुलमाचा नमुना मानला जात होता, आणि मध्यवर्ती विधिमंडळातल्या काँग्रेसच्या सभासदांनी त्याला कडाडून विरोध केला होता.

पुढारी तुरुंगात, पाठोपाठ १९२९ चा दुसरा संप फसलेला, वर जागतिक मंदी. युनियन खिळखिळी झाली. १९३४ साली पगारकपातीविरुद्ध पुन्हा संप झाला, तोही मोडला. त्यानंतर मुंबई सरकारने समेटाचा कायदा केला आणि लेबर ऑफिसर हे पद निर्माण केलं. कामगारांची गाऱ्हाणी मालकापुढे सरकारी अधिकाऱ्याने मांडावी, अशी ती योजना. गाऱ्हाणं ऐकायला माणूस मिळाला हे खरं, पण तो माणूस कामगारांनी निवडलेला नव्हता.

मग १९३७ च्या निवडणुका आल्या. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात कामगारांना संघटना करण्याचा आणि आपल्या हितासाठी संप करण्याचा हक्क असेल, असं वचन होतं. जुलै १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळ आलं. त्याने सुरुवात चांगली केली, हे सांगितलंच पाहिजे. जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली कापडगिरण्यांची चौकशी समिती नेमली, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये तिच्या अंतरिम अहवालाने पगारात वाढ मिळवून दिली. मंदीत कापलेल्या मजुरीतला काही हिस्सा परत आला. याच सरकारने सप्टेंबर १९३८ च्या आरंभी औद्योगिक कलह विधेयक मांडलं.

विधेयकात काय होतं

वरवर पाहता त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मालकाला कामाच्या अटी बदलायच्या असतील तर त्याने आधी नोटीस द्यावी. कामगारांना बदल हवा असेल तर त्यांनीही द्यावी. दोघांनी बोलणी करावीत. जमलं नाही तर प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जावं, गरज पडली तर समेट मंडळाकडे. हे सगळं पार पडेपर्यंत संप नाही आणि टाळेबंदीही नाही. मध्येच संप केला तर तो बेकायदा. त्यात भाग घेणारा गुन्हेगार, त्याला चिथावणी देणारा त्याहून मोठा गुन्हेगार. शिक्षा दंडाची आणि कैदेची.

मालकावरही तीच बंधनं घातली आहेत, मग अन्याय कुठे, असा सरकारचा सवाल होता. याचं उत्तर गिरणीचा धंदा जवळून पाहिलेला कुणीही देऊ शकला असता. संपाचं बळ वेळेत असतं. सुताचे भाव चढलेले आहेत, कापडाच्या मागण्या हातात आहेत, गोदामं रिकामी आहेत, अशा वेळी यंत्रं थांबली तर मालकाला दिवसाचं नुकसान दिसतं आणि तो बोलायला येतो. त्याच्या हातात आठवड्यांमागून आठवडे दिले तर तो जादा पाळी चालवून गोदाम भरतो, गावाकडून बदली माणसं मागवून ठेवतो, पुढाकार घेणाऱ्या चार कामगारांना काहीतरी निमित्त काढून घरी पाठवतो. प्रक्रिया संपेपर्यंत संपाची परवानगी मिळते ती वाफसा उडून गेल्यावर पेरणीची परवानगी मिळावी तशी.

मालकाला मात्र टाळेबंदीची गरज सहसा पडतच नाही. मंदीत त्याला गिरणी बंद राहिलेली परवडते. १९२८ सालीही गोदामांत न खपलेला माल पडून होता, म्हणून कित्येक मालक संपाला फारसे घाबरले नव्हते. कामगाराचं तसं नसतं. खोलीचं भाडं, खाणावळीचे पैसे, वाण्याची उधारी, पठाणाचं व्याज, आणि गावी मनिऑर्डरची वाट पाहणारी माणसं. दोघांवर सारखं बंधन घातलं तर त्याचा भार सारखा पडत नाही. सरकारला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. सरकारमध्ये कामगार खात्याचे संसदीय सचिव होते गुलझारीलाल नंदा, आणि त्यांची उमेदवारी अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार संघटनेत झाली होती.

सरकारचं मन समजून घ्यायचं तर अहमदाबादकडे पाहावं लागतं. १९१८ च्या तिथल्या संपात गांधीजींनी उपोषण केलं, प्रकरण लवादाकडे गेलं आणि कामगारांना पस्तीस टक्के वाढ मिळाली. त्यातून मजूर महाजन उभं राहिलं. मालक आणि कामगार एकाच कुटुंबातले, वाद झाला तर पंचाने तोडावा, संप हा अगदी शेवटचा उपाय. अहमदाबादेत हे बऱ्यापैकी चाललं. तिथे मालक आणि कामगार यांची भाषा एक होती, शहर एक होतं, आणि दोघांनाही मान्य असलेला गांधीजींसारखा मध्यस्थ होता. मुंबईत गिरण्या पारशी, गुजराती, बगदादी ज्यू आणि इंग्रज मालकांच्या. कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, काही उत्तर हिंदुस्थानातला. मध्ये जॉबर. अहमदाबादेत विश्वासावर चाललेली पद्धत मुंबईत पोलिसी शिक्षेच्या जोरावर आणायची, हा या विधेयकाचा गाभा होता. नंदांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. संपाने कामगारांची घरं उद्ध्वस्त होतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ज्याचं घर आहे त्याने कधी धोका पत्करायचा, हे त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवून टाकणं आणि तो ऐकला नाही तर त्याला कैदेत टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

विधेयकाचा दुसरा भाग कमी चर्चिला गेला, पण माझ्या मते पुढच्या इतिहासावर जास्त परिणाम त्याने केला. कामगारांच्या वतीने बोलायचं कुणी? नोंदणी मिळवायला मालकाची मान्यता असलेल्या युनियनला पाच टक्के सभासद पुरत होते. मालकाची मान्यता नसेल तर पंचवीस टक्के लागत. म्हणजे शंभरातले वीस कामगार ज्या युनियनमागे आहेत ती कायद्याच्या दारात बाहेर उभी, आणि ज्या युनियनमागे पाचच आहेत पण मालक जिच्यावर खूश आहे ती आत. लढाऊ युनियनला मालक मान्यता देणार नव्हता. आणि ज्या गिरणीत युनियनचा सभासद झालेला माणूस दुसऱ्याच दिवशी बदलीत, म्हणजे मिळेल त्या दिवशी काम करणाऱ्यांत, टाकला जाई, तिथे पंचवीस टक्के पावत्या जमवायच्या कशा?

१५ सप्टेंबरचं भाषण

स्वतंत्र मजूर पक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापन केला होता. १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबई विधानसभेत डझनभराहून अधिक जागा घेऊन आला. १५ सप्टेंबर १९३८ ला बाबासाहेब या विधेयकावर बोलायला उभे राहिले. त्यांचं ते भाषण वाचताना जाणवतं की ते घोषणा देणाऱ्या पुढाऱ्याचं नाही, कोर्टात उलटतपासणी करणाऱ्या बॅरिस्टरचं आहे.

त्यांनी सुरुवात साध्या प्रश्नाने केली. संप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय? नोकरीचा करार मोडणं, इतकंच. करार मोडणं हा गुन्हा आहे का? व्यापाऱ्याने ठरलेला माल दिला नाही तर त्याला कुणी तुरुंगात टाकत नाही, फार तर नुकसानभरपाईचा दावा लावतात. हिंदुस्थानात एके काळी कामगाराने करार मोडणं हा गुन्हा होता. १८५९ चा तसा कायदाच होता, मळेवाल्यांच्या आणि मक्तेदारांच्या सोयीचा. विधिमंडळाने तो १९२५ साली रद्द केला. कारण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणं म्हणजे गुलामी, हे शेवटी मान्य झालं. मग संपाला शिक्षा ठेवायची याचा अर्थ कामगाराला गुलाम करणं, याहून वेगळा होत नाही. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. स्वातंत्र्य हा पवित्र हक्क मानत असाल तर संपाचा हक्कही तितकाच पवित्र मानावा लागेल, असं ते स्वराज्य मागणाऱ्या पक्षाच्या बाकांकडे पाहून म्हणत होते.

सरकारी बाजूला इंग्लंडचा आधार घ्यायचा होता. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर तिथे १९२७ साली संपांवर बंधन घालणारा कायदा झाला होता. बाबासाहेबांनी त्यातला फरक दाखवला. इंग्लंडच्या कायद्याने विशिष्ट प्रकारचा संप बेकायदा ठरवला, ज्याचा हेतू धंद्यातल्या वादाबाहेरचा आहे आणि जो सरकारला वाकवण्यासाठी केला आहे असा. मुंबईच्या विधेयकात हेतूचा प्रश्नच नव्हता. दोन पैशांच्या मजुरीसाठी, आपल्याच खात्यातल्या आपल्याच वादावर, एका गिरणीत केलेला संपसुद्धा प्रक्रिया पुरी झाली नाही म्हणून गुन्हा ठरत होता.

सरकार लोकांनी निवडलेलं आहे, म्हणून त्याच्या हातात हा अधिकार सुरक्षित आहे, हा दावाही त्यांनी मान्य केला नाही. शिक्षणापासून, साधनांपासून, संघटनेपासून वंचित असलेल्या वर्गाला बांधून ठेवणारी लोकशाही ही लोकशाहीची थट्टा आहे, असा त्यांचा रोख होता. मला या भाषणाचं सर्वांत मोठं बळ इथे दिसतं. कामगारांचा कैवार घेणारे पुढारी तेव्हा पुष्कळ होते, पण माणसाचं शरीर आणि श्रम त्याचे स्वतःचे आहेत, हा मुद्दा ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारीत आणि गावकीच्या कामांत जुंपलं गेलं, त्या समाजातून आलेल्या माणसाने मांडला. महार वतनाविरुद्ध दहा वर्षं झगडणाऱ्या आणि आदल्याच वर्षी विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक आणणाऱ्या माणसाला सक्तीचे श्रम ही पुस्तकातली कल्पना नव्हती.

जे एकत्र येणार नाहीत असं वाटत होतं

विधेयकाविरुद्ध कृती समिती झाली. स्वतंत्र मजूर पक्ष, आयटकच्या (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या) संघटना, गिरणी कामगार युनियनचे डांगे, मिरजकर, निंबकर, शिवाय शामराव परुळेकर, आणि मुंबईच्या राजकारणातले जुने जमनादास मेहता. आज ही नावं एका ओळीत सहज लिहिता येतात. १९३८ मध्ये ती एका व्यासपीठावर येणं सोपं नव्हतं.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला होता. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार सर्वांत चांगला, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेतलं जात नाही. कारण असं की धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढावं लागतं, आणि सवर्ण विणकर विटाळाच्या नावाने त्याला नकार देतात. कामगारांची एकजूट म्हणता, तर ही अडवणूक मोडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या. पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाराजीने घेतली, आणि मालकांनी त्यावर बोट ठेवलं की हा अन्याय तर तुमचेच लोक करतात. १९२९ च्या संपात बाबासाहेब विरोधात उभे राहिले. दलित कामगार उपाशी मरून त्या खात्याचा पगार वाढवणार, ज्यात त्याला पाय ठेवता येत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, तेव्हा त्यातला पहिला शत्रू कामगार चळवळीच्या आतही आहे, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही.

हा सल मिटला म्हणून ते एकत्र आले असं नाही. साचाखात्याचं दार १९३८ मध्येही उघडलेलं नव्हतं. एकत्र आणलं ते विधेयकाने. ज्याला रिंगखात्यात किंवा झाडलोटीत टाकलं जातं आणि ज्याला साच्यावर घेतलं जातं, त्या दोघांनाही उद्या काम थांबवलं म्हणून तोच मॅजिस्ट्रेट शिक्षा करणार होता. म्हणून मला ही युती त्या दशकातली सर्वांत प्रामाणिक युती वाटते. मतभेद पोटात घालून, तात्पुरत्या का होईना, एका नेमक्या मुद्द्यावर ती झाली. ती टिकली नाही याचं दुःख आजही वाटतं. टिकली असती आणि विटाळाचा प्रश्न लाल बावट्याने आपला मानला असता, तर मुंबईच्या कामगार चळवळीचा पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

संपाचा दिवस

तयारी चाळींतून झाली. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी, भायखळा इथे सभा, पत्रकं, रात्रीच्या बैठका. ६ नोव्हेंबरच्या रविवारी कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. बाबासाहेबांच्या चळवळीतलं समता सैनिक दल आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक गिरण्यांच्या दाराशी उभे राहणार होते. दलित वस्त्यांतून आलेले हे तरुण गिरणगावच्या संपात संघटितपणे, स्वतःच्या झेंड्याखाली आणि आघाडीवर होते. आधीच्या संपांत हे दिसलं नव्हतं.

७ तारखेला सकाळच्या पाळीचे भोंगे वाजले. बहुतेक गिरण्यांत माणसं आत गेली नाहीत. खानदेशातल्या गिरण्यांच्या गावांतही संपाचा काही प्रमाणात पडसाद उमटला. मुंबईत पोलिसांचा बंदोबस्त कडक होता. गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडे होतं. दिवसभरात ठिकठिकाणी चकमकी झाल्या, लाठ्या चालल्या आणि पोलिसांनी गोळीबारही केला. कामगार जखमी झाले. निवडून आलेल्या सरकारच्या काळात, संपाच्या हक्कासाठी संप करणाऱ्या मजुरांवर गोळ्या चालल्या. १९३० च्या सत्याग्रहात ज्यांनी याच पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच पक्षाचे मंत्री आता त्या पोलिसांचा बचाव करत होते. हे त्या पिढीच्या कामगारांना फार लागलं.

विधेयक मागे घेतलं गेलं नाही. विधानसभेत काँग्रेसचं बहुमत होतं आणि एका दिवसाचा संप बहुमत बदलू शकत नाही. १९३८ चा पंचविसावा कायदा म्हणून तो मुंबईच्या कायदेपुस्तकात गेला.

मग संप फसला म्हणायचा का? कायदा थांबवणं एवढाच हेतू धरला तर हो. पण कायदा कागदावर येताना त्याच्यामागे कामगारांची संमती आहे असं कुणालाही म्हणता येऊ नये, हाही हेतू होता, आणि तो पुरा झाला. पुढे काय घडलं ते पाहा. युद्ध सुरू झाल्यावर २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवलं. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या पुन्हा बंद पडल्या आणि चाळीसएक दिवस बंद राहिल्या. संप थांबावेत म्हणून केलेल्या कायद्याला दीड वर्षही झालं नव्हतं.

कायद्याने काय दिलं आणि काय घेतलं

न्याय करायचा तर त्या कायद्याने काही चांगल्या गोष्टीही आणल्या. देशातलं अशा प्रकारचं पहिलं औद्योगिक न्यायालय मुंबईत आलं. न्यायमूर्ती दिवेटिया त्याचे पहिले अध्यक्ष. स्थायी आदेशांची सक्ती झाली. पाळीची वेळ, रजा, दंड, कामावरून काढण्याची रीत हे लेखी ठरू लागलं, आणि जॉबरच्या जिभेवर चालणाऱ्या खात्यात कामगाराला दाखवायला कागद मिळाला. साऱ्या देशासाठी स्थायी आदेशांचा कायदा १९४६ साली आला, म्हणजे मुंबई आठ वर्षं पुढे होती. हे सगळं संपावर फौजदारी शिक्षा न ठेवताही देता आलं असतं. न्यायालयाचं दार उघडं ठेवायला तुरुंगाचं दार उघडावं लागत नाही.

१९४६ मध्येच दोन उलट गोष्टी एकदम घडल्या. ज्या इंग्लंडचा दाखला मुंबईने घेतला होता, तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने १९२७ चा तो कायदा रद्द केला. आणि मुंबईत, आता कामगार मंत्री झालेल्या गुलझारीलाल नंदांनी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणला. गिरणगावात त्याला सगळे बीआयआर म्हणत. १९३८ च्या कायद्यातली मान्यतेची कल्पना इथे पक्की झाली: एका भागातल्या एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे स्थान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालं आणि त्याच्याकडेच राहिलं.

बाबासाहेबांचाही मार्ग सरळ नव्हता. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, आणि युद्धकाळात संपांवर निर्बंध घालणारा भारत संरक्षण नियम त्या काळातही लागूच होता. ज्याने १५ सप्टेंबरचं भाषण केलं त्याच्या कारकिर्दीत हे निर्बंध असणं खुपतं, आणि खुपायलाच हवं. पण त्याच पदावरून त्यांनी १९४३ मध्ये मालकाने युनियनला मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक आणलं, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. १९३८ मध्ये ज्या जागी दुखत होतं, औषध त्या जागीच लावायचा तो प्रयत्न होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणगाव पुन्हा बंद झालं, या वेळी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. अडीच लाख कामगार आणि साठच्या आसपास गिरण्या. पगारवाढ, बदलींना कायम करणं, आणि बीआयआर कायदा रद्द करणं या मागण्या. संपकऱ्यांचा राग मालकांवर होता, तितकाच मान्यताप्राप्त युनियनवर होता. गिरण्याच्या गिरण्या सामंतांच्या बाजूने बाहेर आल्या, तरी मालक म्हणत राहिले की आम्ही कायद्याने फक्त प्रातिनिधिक युनियनशीच बोलू शकतो, आणि सरकारही तेच म्हणत राहिलं. कामगार ज्याच्यामागे उभे आहेत त्याच्याशी बोलायचंच नाही, याला कायद्याचा आधार मिळाला. हा संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, कामगार गावी परतला किंवा शहराच्या कडेला फेकला गेला. त्याला इतर कारणंही होती: यंत्रमागांची वाढ, जुनी यंत्रं, जमिनीचे भाव. पण तडजोडीची वाट बंद करण्याचं काम १९३८ मध्ये आखलेल्या त्या नियमाने केलं, असं माझं ठाम मत आहे.

आजही हा वाद त्याच जागी आहे. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे. संपाचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटलं. २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेलं आणि सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकही हक्क नाही, असा निकाल दिला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आधी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सार्वजनिक उपयोगी सेवांपुरती होती, ती आता सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. नोटिशीनंतर समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेपर्यंत संप बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. बेकायदा संपाला दंड आहे, कैद आहे, आणि त्याला चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्यालाही आहे.

केंद्रीय कामगार संघटना ही संहिता आणि तिच्या जोडीच्या कामगार संहितांविरुद्ध देशव्यापी संप करत आल्या आहेत. ९ जुलै २०२५ चा त्यातला एक. त्यांच्या मागणीपत्रांत किमान वेतन असतं, कंत्राटी पद्धत असते, खासगीकरण असतं, आणि संपाचा हक्क कुठेतरी मधल्या कलमात येतो. १९३८ च्या कृती समितीने तो एकटाच, पहिला आणि शेवटचा मुद्दा म्हणून ठेवला होता. बाकीच्या सगळ्या मागण्या ज्या एका गोष्टीच्या जोरावर मागता येतात ती गोष्ट हीच, हे गिरणगावच्या चाळीत राहणाऱ्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या कामगारांना समजावून सांगता आलं आणि त्यासाठी त्यांना एका दिवसाची मजुरी सोडायला तयार करता आलं. आजच्या संघटनांनी १९३८ कडून काही घ्यायचं असेल तर मी म्हणेन, त्या दोन महिन्यांत चाळीचाळींत झालेल्या बैठका घ्याव्यात.